देवाची कृपा आणि कर्जमाफी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं छोटंसं पत्र आलं होतं. पाच-सहाच ओळी होत्या पण मी त्याचं कात्रण काढून ठेवलंय आणि आठवडाभर ते डोक्यातून जात नाहीये. त्यांचं म्हणणं असं की ख्रिस्ती लोकांचं बरंय, देवाची कृपा म्हणजे सरकारी कर्जमाफीसारखी, ज्यानं बुडवलं त्याचं माफ आणि जो इमानदारीत हप्ते भरत बसला तो वेडा ठरला, मग चांगलं वागायचं तरी कशाला. आमच्यातल्या काही जणांना हे पत्र वाचून राग आला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बरंच काय काय लिहिलं गेलं. मला राग नाही आला. प्रश्न खरा आहे आणि तो त्यांच्या आधी मीच कितीतरी वर्षं मनात विचारत होते, फक्त चर्चमध्ये बसून विचारत होते एवढाच फरक.

मी २९ वर्षं नगरला एका पतसंस्थेत काम केलं, आधी कॅशला मग कर्ज विभागात. २००८ ची माफी झाली, २०१७ ची झाली, २०१९ ची झाली, आमच्या पतसंस्थेची कर्जं त्यात बसत नव्हती तरी लोक काउंटरवर येऊन विचारायचे की मॅडम आमचं कधी माफ होणार. आणि त्याच रांगेत मागं एखादे म्हातारे बाबा उभे असायचे, ज्यांनी दूध घालून घालून एक हप्ता चुकवलेला नाही, ते काही बोलायचे नाहीत पण त्यांचा चेहरा मला दिसायचा. २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन द्यायचं ठरलं ते का, तर हाच चेहरा सरकारलाही दिसला असणार. तेव्हा त्या गृहस्थांना काय म्हणायचंय ते मला कळतं. थकबाकीदाराबद्दल दया वाटणं वेगळं आणि भरणाऱ्यावर अन्याय होतोय असं वाटणं वेगळं, दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

येशूनं हाच प्रश्न गोष्टीत घातलाय. उधळ्या मुलाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, बापाची इस्टेट उडवून धाकटा परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. पण बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात ती गोष्ट तिथं संपत नाही, थोरला शेतावरून येतो, घरात वाजंत्री चाललेली ऐकतो आणि बाहेरच उभा राहतो. आत यायला तयार नाही. मी इतकी वर्षं राबतोय, तुमचा शब्द कधी मोडला नाही, मला साधं करडू दिलं नाहीत. तुमचे ते वाचक म्हणजे हा थोरला आणि खरं सांगायचं तर मी पण तोच.

आता माझं सांगते, कारण नुसती वचनं लिहून उपयोग नाही.

माझ्या धाकट्या भावानं २००९ साली छोटा हत्ती घेतला, डाउन पेमेंटला कमी पडत होते म्हणून मी माझी एफडी मोडून त्याला ६० हजार दिले. महिन्याला तीन हजार द्यायचं ठरलं, चार हप्ते आले आणि मग बंद. कधी टायर गेले, कधी पोरीची फी, कधी काहीच कारण नाही, फोन उचलायचा नाही. आमच्या पतसंस्थेची दरवर्षी डायरी निघते तसल्या एका जुन्या डायरीच्या शेवटच्या पानांवर मी त्याचं खातं लिहून ठेवलं होतं. ४८ हजार मुद्दल, बारा टक्क्यांनी वर्षाला ५,७६० व्याज. दर एप्रिलमध्ये मी त्यात एक ओळ वाढवायचे. त्याच्याकडून व्याज घ्यायचं असं कधी ठरलंच नव्हतं, पण मी लावत होते, आणि नऊ वर्षांत ते व्याज ५१,८४० झालं, म्हणजे मुद्दलाच्या वर गेलं. हे कुणालाही माहीत नव्हतं, माझ्या मिस्टरांना पण नाही. दर महिन्याला प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा घ्यायच्या आधी प्रभूची प्रार्थना सगळे एकसुरात म्हणतात, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड, आणि मी पण म्हणायचे, खणखणीत आवाजात म्हणायचे.

मग २०१८ च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, संडे स्कूलला मला मत्तयच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय शिकवायचा होता, त्यात त्या देणेकऱ्याची गोष्ट आहे. राजाचे दहा हजार तालांत देणं असलेला एक चाकर, राजा त्याचं सगळं सोडून देतो, आणि तोच बाहेर पडून शंभर दीनार देणं असलेल्या आपल्या सोबत्याचा गळा धरतो. पोरांना समजावं म्हणून मी आदल्या रात्री हिशोब करायला बसले. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एका तालांतात साधारण सहा हजार दीनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आणि त्या सोबत्याचं देणं किती, शंभर दिवसांचं, म्हणजे त्याच हिशोबानं चार महिन्यांचा पगार. आकडेमोड मी नेहमी त्याच डायरीत मागे करते, सवयीनं तिथंच केली होती, आणि सहा कोटी लिहून खाली रेघ मारली तेव्हा समोरच्या पानावर भावाचं खातं उघडं होतं.

मी रडले वगैरे नाही. बराच वेळ नुसती बसून राहिले. मला पहिल्यांदा असं दिसलं की हा आकडा मुद्दाम एवढा मोठा ठेवलाय की तो फेडता येणारच नाही. त्या चाकराचं पहिलं वाक्य काय आहे बघा, मला वागवून घ्या म्हणजे मी आपलं सगळं फेडीन. दोन लाख वर्षांचं देणं आणि म्हणतो फेडीन! राजानं माफ केलं तरी त्याच्या डोक्यात तो अजून फेडणाराच आहे, त्याला मिळालेलं मिळालं असं वाटतच नाहीये, म्हणून तर शंभर दीनारवाल्याचा गळा धरतो. मी तेच करत होते. मी देवाकडे हप्ते भरत होते. रोज सकाळी साडेपाचची प्रार्थना, दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला, संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं मनातल्या मनात जमेला धरत होते, आणि जो स्वतः हप्ते भरतो तो दुसऱ्याची थकबाकी कशी विसरेल.

तर त्या वाचकांना माझं पहिलं सांगणं हे आहे की कर्जमाफीत आणि कृपेत एक फार मोठा फरक आहे. कर्जमाफीत काही लोक थकबाकीदार असतात आणि काही नियमित असतात. ख्रिस्ती विश्वासात नियमित कुणीच नसतो. ते दूध घालणारे बाबा देवाच्या दारात नाहीत, तिथं सगळे सहा कोटीवाले, फक्त काही जणांना ते माहीत असतं आणि काही जणांनी रोजची प्रार्थना जमेला लावून लावून ते स्वतःपासून लपवून ठेवलेलं असतं. हे ऐकायला कडू लागतं, मला मान्य आहे. मला तर फारच कडू लागलं होतं.

आणि कृपा हा शब्द काही आम्ही बाहेरून आणलेला नाही, तो आपल्याच मातीतला आहे. देहूत तुकोबांनी काय केलं, घरात सावकारी होती, दुष्काळानंतर भावाचा वाटा भावाला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली असं आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तर म्हणायचेच की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. मला हे वाक्य आधी नुसतं छान वाटायचं, डायरीच्या त्या रात्रीनंतर वाटलं की पूल असेल तर तो त्या इंद्रायणीतल्या कागदांचाच असेल.

भावाला मी फोन केला. म्हटलं ते पैसे सोड, माझ्याकडून हिशोब बंद. तो खूश होईल, रडेल, ताई म्हणेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. तो चिडला. म्हणाला मी काय भीक मागितली होती का तुझ्याकडं, आणि फोन कट. पुढं दीड-दोन वर्षं बोलला नाही. तेव्हा मला कळलं की माफ करताना पण मी वरच्या पायरीवर उभी राहून करत होते आणि ते त्याला फोनवरून सुद्धा ऐकू गेलं. डायरीतलं पान फाडलं होतं पण आकडा पाठ होता, तो कुठं फाडणार. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो एक दिवस गाडी घेऊन आमच्या गेटपाशी आला, तोंडाला मास्क, लांबूनच हाक मारली, कांद्याची एक गोणी आणि भाजी ठेवली आणि म्हणाला बाहेर पडू नका ताई, काय लागलं तर सांग. माझ्या मनात लगेच आलं गोणी किती किलोची आणि भाव काय चालू आहे. खरंच आलं, खोटं कशाला सांगू. पण ते मी कुठं लिहिलं नाही. मनाचा पालट म्हणतात तो माझ्या बाबतीत एवढाच आहे आणि एवढ्याला अकरा वर्षं लागली.

आता त्यांचा दुसरा प्रश्न, मग चांगलं वागायचं कशाला. हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षं जुना आहे, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलालाच विचारला गेला होता. रोमकरांस पत्रात सहाव्या अध्यायात तो स्वतःच म्हणतो की कृपा वाढावी म्हणून आपण पापातच राहायचं का, आणि उत्तर देतो, कधीच नाही. त्याच अध्यायात ते प्रसिद्ध वाक्य आहे, तुम्ही नियमशास्त्राधीन नाही तर कृपेच्या अधीन आहात. नियमशास्त्र म्हणजे यहूद्यांचे धर्मनियम. लोक इथं अधीन शब्दावरून घाईत पुढं जातात. कृपा मोकाट सोडत नाही, तिच्या पण हाताखाली राहायचं असतं, फक्त मालक बदलतो. आधीचा मालक म्हणजे पाप, ते मजुरी देतं आणि ती मजुरी म्हणजे मरण आहे असं त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिलंय, देव देतो ते दान असतं.

आणि पैसे बुडवणाऱ्यांविषयी म्हणाल तर जक्कय बघा. यरीहोचा जकातवाला, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूनं त्याला आधी काही अट घातली नाही, लोकांचे पैसे परत कर मग तुझ्याकडे येतो असं म्हणाला नाही, आज तुझ्या घरी उतरणार एवढंच म्हणाला. आणि नंतर जक्कय स्वतः उठून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. चौपट! २९ वर्षांत मी वसुलीच्या नोटिसा पाठवल्या, जप्तीची भीती घातली, जामीनदारांना फोन केले, चौपट सोडा पण कुणी स्वतःहून एक रुपया जास्त आणून दिलेला मला आठवत नाही. तेव्हा कृपेमुळे बुडवणाऱ्याचं फावतं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा वाचावी. ज्याला खरंच मिळाली तो परत करतो, आणि जो करत नाही, नुसतं देवानं माफ केलं म्हणून मोकळा फिरतो, त्याला ती मिळालेलीच नसते असं मी म्हणेन. असे लोक आमच्यात आहेत, नाहीत असं नाही.

पण मला वाटतं आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, जास्त मोठा धोका उलट बाजूनं आहे. आम्ही मोकळं झालोय हे सांगतो आणि मग नवीन जू बनवतो. जू शब्द मी मुद्दाम वापरते, गलतीकरांस पत्रात पौल तोच वापरतो, या स्वातंत्र्याकरता ख्रिस्तानं आपल्याला मोकळं केलंय, पुन्हा गुलामगिरीच्या जुवाखाली सापडू नका. आमच्या आजोळी बैल होते, जू काढलं की बैल आधी मान झाडतो आणि थोडा वेळ तसाच उभा राहतो, त्याला मोकळं झाल्याचं लगेच कळत नाही. माणसाचं पण तसंच होत असेल.

पंडिता रमाबाईंना मात्र हे लगेच कळलं होतं असं वाटतं. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेजला १८८३ साली झाला, आणि दोनच वर्षांत तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद सुरू झाले, कारण त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं की मी मोठ्या कष्टानं आमच्याकडच्या भटभिक्षुकांचं जू मानेवरून काढलंय, आता तसंच दुसरं जू घालून घ्यायला मी तयार नाही, बिशपच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मान्य करायला मी बांधलेली नाही. एकटी विधवा बाई, परक्या देशात, कडेवर लहान मुलगी, त्यांच्याच आश्रयाला राहून हे लिहिते. आणि त्याच रमाबाईंनी पुढं स्वतःच्या साक्षीत लिहिलंय की बाप्तिस्मा झाला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो काही वर्षांनी सापडला. हे फार मोठं बोलणं आहे. बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट हातात असताना म्हणायचं की अजून मला काहीतरी मिळायचंय, याला धाडस लागतं. मग त्या मोकळेपणाचं त्यांनी काय केलं ते पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जाऊन कुणीही बघावं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो पोरी घेऊन आल्या, त्या जागेला नाव दिलं मुक्ती, आणि समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी तिथं जे वेगळं घर काढलं त्याचं नाव ठेवलं कृपासदन. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, का, तर खेड्यातल्या बाईला समजावं म्हणून, आणि ते छापायच्या कामाला त्याच मुक्तीतल्या बायका. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याच्या आधी काम पुरं झालं होतं. स्वातंत्र्य मिळालं म्हणून जो एवढं राबतो त्याला कुणी चांगलं वागायचं कशाला म्हणून विचारेल का?

ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचं तर आमच्या नगरचंच. त्यांचे वडील इतके सोवळे की बाजारातून आणलेलं सगळं धुऊन घ्यायचे, त्या घरात वाढलेली बाई. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, ताटातूट झाली, काही वर्षांनी त्या परत नवऱ्याकडे राहायला आल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि एक दिवस बाईंनी स्वतःच विचार केला की ही जात देवानं केली की माणसानं, आणि ठरवलं की आजपासून कुणाच्याही हातचं पाणी पिणार. हे बाप्तिस्म्याच्या आधी झालं. स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं इतक्या साधेपणानं लिहिलंय की मी दहा-बारा वेळा तरी वाचलं असेल. मला त्यात कृपेचं काम दिसतं, कारण कुणी नियम लावून त्यांचा तांब्या बदलला नाही, आतून बदललं आणि मग हात पुढे झाला.

उलट गोष्ट येशूचा शिष्य पेत्र याची आहे. गलतीकरांस पत्रातच दुसऱ्या अध्यायात आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, एका पंगतीत जेवत होता, यरुशलेमहून तिथला पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि हा भीतीनं मागं सरला, वेगळा बसायला लागला, त्याच्या मागोमाग बाकीचे यहूदी पण, पौलाचा सोबती बर्णबा सुद्धा. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर धरलं. म्हणजे कृपेनं मोकळं होण्यावर एवढं मोठं पत्र लिहिलं गेलं त्याचं भांडण कशावरून, तर कुणाच्या पंगतीला बसायचं यावरून. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. आणि आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांना तर अजिबात नाही. इथं अमेरिकन मिशन १८३१ ला आलं, आमच्यातल्या बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा गावकुसाबाहेरून आलेले, पंगतीतून उठवलं जाणं काय असतं ते आमच्या रक्तात आहे, आणि तरी आज मुलीचं स्थळ बघताना आमच्यातलेच लोक हळूच विचारतात, तुम्ही मूळचे कोणते. मी स्वतः विचारलंय. ज्या जुवानं आजोबांच्या मानेला घट्टे पडले तेच आपण धुऊन पुसून दिवाणखान्यात टांगून ठेवलंय.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहायला मला तीन दिवस लागले. साधारण पंधरा वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये एक बाई होती, दवाखान्यात नर्स, आवाज असा की गुड फ्रायडेला तिनं सुरुवात केली की लहान पोरं सुद्धा गप्प व्हायची. तिचा संसार मोडला. कुणाची चूक होती ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, पण कमिटीत विषय आला की सध्या काही दिवस तिनं मागं बसावं, गाऊ नये, लोक बोलतात. ठराव मांडला दुसऱ्यानं आणि अनुमोदन माझं. मिनिट्स बुकात माझी सही आहे, निळ्या शाईनं, अक्षर सुरेख. पुढच्या रविवारी ती आली, शेवटच्या बाकावर बसली, पहिलं गीत उभं राहून ऐकलं आणि दुसऱ्याच्या आधी पर्स उचलून निघून गेली. पुन्हा आली नाही. मी तेव्हा मंडळीचं पावित्र्य जपलं असं मला मनापासून वाटत होतं. सहा कोटीवाली मी, शंभर दीनारवर तिचा गळा धरून बसले होते, आणि तिचं ते शंभर दीनार देणं होतं की नव्हतं हे सुद्धा मी बघितलं नाही.

कुणी म्हणेल तुम्ही तर तेव्हा विश्वासात होता, मग पालट झाला कसा नाही. मला याचं उत्तर जॉन न्यूटनच्या आयुष्यात मिळतं. अमेझिंग ग्रेस हे गाणं ज्यानं लिहिलं तो हा, गुलामांच्या जहाजावरचा माणूस. १७४८ च्या मार्चमध्ये समुद्रात मोठं वादळ झालं, जहाज बुडायला आलं, त्यात त्यानं देवाचा धावा केला आणि तिथून आपण देवाकडे वळलो असं तो आयुष्यभर सांगत राहिला. आपल्याला वाटतं त्या दिवशीच त्यानं तो धंदा सोडला असेल. नाही. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. खाली माणसं साखळीत आणि वर हा बायबल वाचतोय. १७५४ ला समुद्र सोडला तो पण तब्येतीमुळं. पुढं पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू झाला, १७७२ च्या सुमाराला ते गाणं लिहिलं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर पुस्तिका काढली ती १७८८ ला, म्हणजे वादळानंतर ४० वर्षांनी. त्यात त्यानं स्वतःचा वाटा लपवला नाही, या धंद्याचा मी एक भाग होतो याची लाज मला कायम राहील असं लिहिलं. १८०७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं तो व्यापार बंद करण्याचा कायदा केला आणि त्याच डिसेंबरमध्ये न्यूटन वारला. ४० वर्षं. हे वाचून मला आधी धक्का बसला, मग धीर आला, आणि मग भीती पण वाटली की माझं अजून काय काय मला दिसायचं बाकी आहे. नवा जन्म एका क्षणात होतो असं आम्ही म्हणतो आणि ते खरं आहे, पण जन्मलेलं लेकरू चालायला लागतं त्याला वेळ लागतो, आणि तोवर ते कुणाकुणाला लाथा मारतं ते त्याला कळत पण नाही.

त्या नर्स ताईंचा नंबर मी गेल्या वर्षी मिळवला. त्या आता दुसऱ्या जिल्ह्यात असतात. फोनवर मी नाव सांगितलं, त्यांनी ओळखलं. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले, एवढंच म्हटलं की त्या ठरावावर माझी सही आहे, ती चूक होती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मला माहीत होतं तुमची सही आहे ते. आणि मग म्हणाल्या मी इथं गाते. मी म्हटलं बरं झालं. फोन ठेवला. त्यांनी माफ केलं का ते मी विचारलं नाही, मागायचा माझा हक्क पण नाही, आणि गंमत नव्हे पण खरं सांगते, त्या रात्री मी पहिल्यांदा जमेला काहीही न लावता प्रार्थना केली.

तर संपादक साहेब, त्या गृहस्थांना विचारायचं असेल की हप्ते भरणाऱ्याचं काय, तर गोष्टीतला बाप थोरल्याला जे म्हणतो ते एवढंच आहे, बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस आणि माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. तो हे घरात बसून म्हणत नाही, पंगत सोडून अंगणात येऊन त्याची समजूत घालत म्हणतो. धाकट्यासाठी जसा धावत गेला तसाच.

त्यांचं पूर्ण नाव तुम्ही छापलं होतं पण पत्ता नव्हता. तुमच्या ऑफिसात असेल तर कृपया माझा हा निरोप त्यांना कळवावा. नाताळात माझा भाऊ घरच्यांना घेऊन जेवायला येणार आहे, त्यांनी पण यावं. करंज्या, अनरसे आणि मटण असतं, ते शाकाहारी असतील तर वांग्याचं भरीत आणि भाकरी करते. वाद घालायचा असेल तर जेवणानंतर घालू, मला आवडेल.

आपली,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी, अहिल्यानगर